पिवळं फडकं

ही घडलेली गोष्ट आहे. रंगवून सांगायला मला वेळ नाही आणि घरातली घाण चव्हाट्यावर मांडायची हौस तर मुळीच नाही. पटत नसेल त्यानं नांदूरघाटला जावं, माझ्या थोरल्या बहिणीला, शांतादेवीला, विचारावं. ती सांगेल...

पण तोंडावर पदर धरून.

साल दोन हजार एक. वैशाखातली भर दुपार.

शांतादेवीच्या मालकांचा, मल्लिनाथांचा, लाऊडस्पीकरचा धंदा. आसपास कुठंही लग्न असो, कर्णा त्यांचाच. पण माणूस लई घाण. गालात कायम तंबाखूचा बार. रेकॉर्ड बदलताना माईक चालूच राहायचा, मग अख्ख्या मांडवाला ऐकू यायचं... चपक, चपक. मग पचकन थुंकणं. मग तबकडीवर तोंडाची वाफ सोडायची अन् पिवळ्या फ्लानेलच्या फडक्यानं पुसायची.

लोक हसायचे. शांतादेवीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी तोंडच सडलं त्यांचं. गालाला भोक पडलं. त्यातून गळायचं ते शांतादेवीनंच पुसलं, नाकाला पदर न लावता.

ते गेले, अन् दोन वर्षांनी लेकीचं लग्न ठरलं. तलवाड्याचं स्थळ. शिवांजली हटूनच बसली. "माझ्या लग्नात अप्पांचीच गाणी वाजली पायजेत. न्हाईतर मी उभीच राहत न्हाई."

रेकॉर्डी वाजवायचं जुनं मशीन लग्नभर टिकणारं नव्हतं. संगमेशनं, तिच्या थोरल्या भावानं, नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता. म्हणाला, "रेकॉर्डी यात भरू, सीडी करू."

जोडायची वायर काही मिळेना. मग पठ्ठ्यानं मशीनच्या स्पीकरच्या डब्यासमोर अप्पांचाच माईक ठेवला. माईक सगळंच पकडतो. म्हणून रेकॉर्ड वाजेपर्यंत कुणी हूं का चूं करायचं नाही.

त्या दुपारी शिवांजली मैत्रिणीकडे गेलती. घरात मायलेक दोघंच. दार लावलं. पंखा बंद केला.

पहिलं गाणं झालं. संगमेशनं भरलेलं लावून पाहिलं.

गाणं झकास आलं होतं. आणि गाण्याच्या मागं...

चपक... चपक...

"तोंडात काय हाय रे?"

"काय न्हाई, आई."

"आ कर."

तिनं त्याच्या दोन्ही गालांत बोट फिरवलं. काही नव्हतं.

"बापाच्या वळणावर गेलास तर एकेक दात पाडीन."

दुसरी रेकॉर्ड भरली. पुन्हा तेच. पण आता आवाज जवळून येत होता.

तिसऱ्या वेळी गाणं ऐकूच आलं नाही. नुसतं ओलं तोंड... माईकला चिकटलेलं. मग पचकन थुंकणं. मग...

हाऽऽह.

काचेवर वाफ सोडतात तसा श्वास.

संगमेशनं वायरच उपसली. शांतादेवीनं मशीनवरून तबकडी उचलली.

चिकट लागली. वर वाफ धरली होती. कडेला तपकिरी लाळेची तार लोंबत होती. वास आला... तंबाखूचा, चुन्याचा, आणि त्याच्या खालून सडक्या मांसाचा. तो वास तिला कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

"पुसायला दे काहीतरी!"

संगमेशनं रेकॉर्डींच्या पेटीत हात घातला अन् हाताला लागलं ते दिलं. तिनं अर्धी तबकडी पुसली.

आणि हात थांबला.

पिवळं फ्लानेल.

"हे... कुठनं काढलंस?"

"पेटीतच होतं की. अप्पांचंच हाय न्हवं?"

तिनं फडकं उलगडून उजेडात धरलं.

आमच्यात माणसाला बसवून समाधी देतात. मल्लिनाथांना बसवलं तर त्यांचा जबडा मिटेना. चार लोकांत शोभा नको म्हणून तिनं हेच फडकं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली होती. तसंच त्यांना खड्ड्यात उतरवलं. वर माती पडताना तिनं डोळ्यानं पाहिलं होतं.

फडक्यावर गाठीची चुणी अजून होती. अन् ते ओलं होतं.

तिनं ते चुलीत घातलं. भरलेली गाणी पुसायला लावली. शिवांजलीला म्हणाली, "रेकॉर्डी खराब झाल्यात. रडायचं असंल तर आत्ताच रडून घे."

लग्न गाण्यांविना लागलं. पाहुण्यांनी टोमणे मारले, "स्पीकरवाल्याची पोरगी, अन् मांडव मुका?" शांतादेवीनं ऐकून घेतलं. सगळं स्वच्छ पार पडलं, एवढं तिला पुरे होतं.

पाठवणीला शिवांजली आईच्या गळ्यात पडली. रडली.

मग एकदम मागं सरली.

"आई... तू तंबाखू कधीपासून खायला लागलीस?"

माझ्या बहिणीनं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. तेव्हापासून ती मिठानं, राखेनं दात घासते. हिरड्यांतून रक्त येईस्तोवर.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी कपिलधारला गेलतो. देवळात सगळे डोळे मिटून गप्प बसलेले. मी तिच्या शेजारी. तिचा पदर जरा घसरला होता. ओठ घट्ट मिटलेले... मी नीट पाहिले.

तरी आवाज आला.

चपक... चपक...

सख्खी बहीण आहे माझी.

मी सरकून बसले.