प्लॉट क्रमांक सतराची हरकत

१९९८च्या फेब्रुवारीत दिंडोरी रस्त्यावरच्या एका बिनशेती लेआउटची फाइल माझ्या टेबलावर आली. मी नगररचनेत नवा लागलेला सहायक. शेताचे चोवीस प्लॉट पाडलेला नकाशा तपासायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि साहेबांना चहा कधी लागतो ते ओळखायचं. शेवटच्या कामात मी हुशार होतो.

हरकत एकच आली. निळी शाई, वळणदार अक्षर.

'प्लॉट क्रमांक सतरामध्ये आम्ही राहतो. ओहोळ बुजवून हा प्लॉट पाडला आहे. परवा चिमीच्या पाळण्याखालून भांडी तरंगत गेली. पाणी आणखी वीतभर चढलं असतं तर काय, हे लिहवत नाही. कृपया लक्ष घालावे. सौ. सविता.'

तारीख होती जुलै २००६. आवक-जावक सांभाळणाऱ्या झुंबरमामांनी लाल पेनाने २००६ खोडून १९९८ केलं होतं. वर शिक्का.

"मामा, तिथे नुसतं शेत आहे. घर कुठलं?"

"घाईत चुकली असेल बिचारी. हरकत आली की सुनावणी लावायची. बाई आहे की नाही, त्याचा रकाना नाही आपल्याकडे."

खरंच नव्हता.

जागा पाहायला गेलो. शेतमालक सावळीरामभाऊंनी चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने प्लॉट आखून ठेवले होते. ओहोळ वाळून खडखडीत.

"पाणी? साहेब, इथं लय वर्सांत बेडूक बी आला नाय."

मी सतराच्या रेषेआत पाय टाकला. फोडणीचा वास आला. कुठेतरी भांडं पडलं, आणि अगदी कानाशी एक तान्हं मूल खुदकन हसलं. घाबरायला हवं होतं. पण सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं.

"भाऊ, वास येतोय कसला?"

"शेणखताचा. शहरातली माणसं तुम्ही."

रेषेबाहेर आलो तेव्हा माझे मोजे घोट्यापर्यंत भिजले होते.

सुनावणीला सविताबाईंची खुर्ची रिकामी होती. अकराची वेळ, आम्ही बारापर्यंत थांबलो. मग मामांनी हजेरीचा कागद उचलला. सावळीरामभाऊंच्या सहीखाली निळी सही होती. शाई ओली.

मामांनी शांतपणे टीपकागद ठेवला.

"येऊन गेल्या वाटतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशावर ओहोळ होता तसा परत काढला, सतरा नंबर खोडला आणि तिथे 'मोकळी जागा' लिहिलं.

"माझा प्लॉट गेला की!" सावळीरामभाऊ ओरडले.

"भाऊ, पाळण्याखालून पाणी जात होतं."

"कोणाच्या पाळण्याखालून?"

मी नकाशा सहीसाठी साहेबांपुढे सरकवला. नकाशा तेवीस प्लॉटांनी मंजूर झाला. चिमी वाचली म्हणून मी त्या दिवशी स्वतःला पेढा घेतला.

आठवड्याने दुसरं पत्र आलं.

'चिमी आता कोरडी आहे. तुमचे उपकार. पण प्लॉटच राहिला नाही, तर आम्ही पाच माणसांनी जायचं कुठे? सासूबाई म्हणतात, ज्यांनी घर खोडलं त्यांनाच विचार.'

मामांनी आवक क्रमांक टाकला. समासात लिहिलं: 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. पुढे माझं नाव.

"मामा, यावर काय कार्यवाही करणार?"

"तुझं तू बघ. मी शिक्का मारला."

संध्याकाळी पंचवटीतल्या खोलीवर आलो. दाराला कुलूप तसंच होतं. मी एकटा राहतो, खानावळीत जेवतो. खोलीत ताट एकच आहे.

आत चार ताटं उष्टी पडली होती. शेजारी मऊ भाताची इवलीशी वाटी, अर्धी सांडलेली.

पाचवं ताट वाढून झाकून ठेवलं होतं.

भात अजून गरम होता.