दोन मालगाड्यांमधली बावीस मिनिटं

सुरजची आणि माझी ओळख झाली, ती मी मालगाड्या मोजत होते म्हणून.

ऑगस्टमधली दुपार होती. खंडाळ्याला रेल्वेलाइनच्या वरच्या अंगाला आमची छोटी संशोधन संस्था आहे. तिच्या कुंपणापाशी मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात वही धरून उभी होते. धुकं इतकं, की गाडी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. तिसरी मालगाडी लिहून घेतली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, गाड्या मोजताय?"

वळून बघितलं. रेनकोटातून पांढरा शर्ट दिसत होता, गळ्यात रेल्वेचं ओळखपत्र होतं. केसांवर पावसाचे बारीक थेंब.

"हो. का, बंदी आहे?"

"बंदी नाही. पण ती माझी नोकरी आहे. तुम्ही हौसेनं करताय, म्हणून विचारलं."

तो खालच्या केबिनमधला सहायक स्टेशन मास्तर. सुरज. घर देहूरोडला. मी माझं नाव सांगितलं – राजेश्वरी, टाकवे बुद्रुकची, पीएच.डी.चं तिसरं वर्ष. मग रडगाणंही सांगितलं. आमचा मायक्रोस्कोप हवेवर तरंगणाऱ्या टेबलावर ठेवलेला असतो, तरी मागून इंजिनं लावलेली मालगाडी घाट चढू लागली की पडद्यावरचं चित्र थरथरतं. जिवंत पेशींचं चित्रण मध्येच बिघडलं की त्या दिवसाच्या पेशी वाया.

"किती वेळ शांतता लागते?"

"सलग वीस मिनिटं."

"आणि ती मिळत नाही?"

"मिळते हो. पण कधी मिळणार, ते कळत नाही."

तो हसला. "मला कळतं."

आमच्या सरांनी रेल्वेला रीतसर पत्र दिलं, परवानगी आली, आणि त्यानंतर सकाळी सकाळी माझ्या फोनवर निरोप येऊ लागला. 'अकरा चाळीस ते बारा दोन. बावीस मिनिटं. मग मालगाडी.' पहिल्या आठवड्यात तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात त्यापुढे – 'पेशींना नमस्कार सांगा.' तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं, 'पेशींनाच का?' संध्याकाळी उत्तर आलं, 'सुरुवात कुठूनतरी करावी लागते...'

त्या बावीस मिनिटांत मी काय करते, हे त्याला समजून घ्यायचं होतं. गणपतीच्या सुट्टीत लाइनीच्या कडेनं चालता चालता मी सांगितलं.

"भीती वाटली, आनंद झाला, की रक्तात अॅड्रेनलिन येतं. ते हृदयाच्या पेशीच्या दारावर थाप मारतं, पण आत जात नाही. आत एक लहानसा रेणू तयार होतो. सायक्लिक एएमपी. तो निरोप घेऊन धावतो, आणि हृदय जोरात धडधडतं."

"म्हणजे बाहेरून बेल, आतून माणूस धावणार. आमच्यासारखंच. पण काम झाल्यावर त्या माणसाला थांबवतं कोण? नाहीतर हृदय धडधडतच राहील."

मी चालायची थांबले. अगदी हाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. तो निरोप पेशीत सगळीकडे सारखा का पसरत नाही, कोण त्याला कुठे पुसून टाकतं... सरांना तो पटवायला मला चार महिने लागले होते.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. तुम्ही चुकून रेल्वेत गेलात."

"चुकून नाही. तुम्ही गाड्या मोजायला येणार होतात ना..."

मला हसू आवरेना. त्या दिवसापासून 'तुम्ही' गळून पडलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, सरांना विचारून, मी त्याला प्रयोगशाळेत नेलं. अंधारी खोली, यंत्रांची ऊब, पडद्यावर पेशी. उंदराच्या पिल्लाच्या हृदयातल्या त्या पेशी बशीत सुट्या असूनही आपापल्या धडधडत होत्या. त्यांच्यात आम्ही एक प्रोटीन घातलेलं; त्याचं एक टोक निळं चमकतं, दुसरं पिवळं.

"निरोप आला की ही दोन टोकं दूर जातात," मी म्हटलं. "मग पिवळं मंद होतं आणि निळं वाढतं. त्यावरून कळतं, आत निरोप पोचला."

"निरोप आला की दूर जायचं? अजब आहे."

मी औषधाचा थेंब सोडला. काही क्षणांत पेशीच्या एका कडेला रंग बदलू लागला आणि धडधड वाढली. तो पडद्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला होता. मी प्रकाश कमी केला.

"अजून बघू दे ना."

"जास्त बघितलं की रंग उडतो. कायमचा."

"म्हणून माझ्याकडे बघायचं टाळतेस का?"

मी मान वर केली. बघितलं. त्यानंही. खाली कुठेतरी मालगाडी चढू लागली, पडद्यावरच्या पेशी थरथरल्या, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

"राजेश्वरी, घरी सांगशील?" त्यानं हळूच विचारलं. "माझ्या आईला मी सांगितलंय. ती म्हणते, पोरगी चांगली आहे, पण घरचे तयार होतील का... आम्ही बौद्ध. टाकव्यात तुमचा मान मोठा."

"सांगेन," मी म्हटलं. "फेब्रुवारीत. विज्ञान दिनाला आबा येणारेत इथं. तूही ये. मी ओळख करून देते."

हे मी स्वतः म्हटलं. कोणी म्हणवून घेतलं नव्हतं.

विज्ञान दिनाला संस्था सगळ्यांना खुली असते. माझे वडील, आबा, आले ते धुतलेल्या टोपीत, सोबत माझी आत्या, भामाबाई. सुरज रात्रपाळी करून, आंघोळ आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी पेशी दाखवत होते. आत्यानं विचारलं, "आगं, ह्या जित्त्या हाईत व्हय?" आणि खोलीतले सगळे हसले. सुरजही हसला. आबांनी त्याच्याकडे बघितलं.

"पाव्हणं कुटलं?"

"देहूरोडचा. इथं रेल्वेत आहे."

"आडनाव?"

सुरजनं आडनाव सांगितलं. आबा "बरं, बरं" म्हणाले. त्यांनी काही वाईट म्हटलं नाही, तोंडही वाकडं केलं नाही. फक्त माझ्याकडे वळून विचारलं, "तुज्या वळखीचं हाईत?"

एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर मी दोन महिने पाठ केलं होतं. आत्या बघत होती, सर बघत होते, आणि सुरज... तो बघत नव्हता. त्यानं नजर खाली ठेवली होती, मला सोपं जावं म्हणून.

"कामापुरती ओळख आहे," मी म्हणाले. "गाड्यांच्या वेळा सांगतात."

सुरजनं मान हलवली. "दोन दहाची आहे, मॅडम. त्याच्या आत उरका." मग आबांना नमस्कार केला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. 'दहा पन्नास ते अकरा चौदा.' पुढे काही नाही. मी पाच-सहा वाक्यं लिहिली, पुसली. वाटलं, समोरासमोर बोलू. हा प्रयोग संपू दे. मग वाटलं, शोधनिबंध पाठवू दे. मग प्रबंध. त्याच्या वेळा मात्र एक दिवस चुकल्या नाहीत. माझी चित्रणं आमच्या प्रयोगशाळेत कधी नव्हती इतकी स्वच्छ आली. पुढच्या जानेवारीत निरोप आला, 'बदली झाली. दौंडकडे. नवीन मास्तरांना तुमचं काम सांगून ठेवलंय.'

'तुमचं' वाचलं आणि मी फोन पालथा ठेवला.

नंतर मी जर्मनीला गेले. दोन वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत त्याच पेशी, तोच निरोप. तिथं टेबल कधी हललं नाही. जाताना मनाला सांगितलं होतं, आबांनी होकार दिलाच नसता. परक्या गावात ते रोज सांगावं लागायचं.

गेल्या महिन्यात परत आले. घरी ओसरीवर आबा भात पाखडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "राजे, त्यो रेल्वेतला पोरगा. त्याचं काय झालं?"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुम्हाला कसं..."

"तुजा बाप हाय मी. 'कामापुरती' म्हनताना तुजा आवाज फाटला. मला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी न्हाईच म्हनलो असतो." आबांनी सूप खाली ठेवलं. "भावकी हाय, गाव हाय. लय दिस बोललो नसतो तुज्याशी. पर तू भांडली असतीस, तर हरलो असतो. वाट बगितली मी. तू आलीच न्हाईस भांडायला."

दुसऱ्या दिवशी मी देहूरोडला गेले. सुरज सुट्टीवर आला होता. त्याच्या आईनं, भागुबाईंनी, दार उघडलं आणि नाव विचारायच्या आधीच "ये, बाळ" म्हणाल्या. भिंतीवर त्याच्या लग्नाचा फोटो होता. बायको शाळेत शिक्षिका, त्या वेळी शाळेत गेलेली. चहा झाला. तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. कानाशी एक-दोन केस पांढरे दिसत होते.

"त्या निरोप पुसणाऱ्याचा पत्ता लागला का?" त्यानं विचारलं.

"लागला. दोन निबंध झाले त्यावर."

"छान झालं." त्याला खरंच आनंद झाला होता.

"सुरज, त्या दिवशी मी..."

"मला राग नव्हता आला," तो म्हणाला. "अचानक विचारल्यावर माणूस गडबडतो. वाटलं, दुसऱ्या दिवशी फोन करशील. मग वाटलं, आठवडाभरात. असं करत करत आठ महिने गेले. मग मी बदलीचा अर्ज दिला."

"अर्ज? तू दिलास?"

"आपोआप कुठं मिळते बदली... एकदा तुझ्याकडे यायला निघालो होतो. केबिनपासून तुझं दार चारशे पावलं. निम्म्यावर आलो आणि थांबलो. म्हटलं, उरलेलं तिनं चालावं."

मी म्हणाले, "चुकलं माझं."

मला वाटलं, तो 'जाऊ दे' म्हणेल.

"हो," तो म्हणाला. "चुकलं." पण इतक्या मायेनं म्हणाला, की गाडी आली तरी माझा पाय उचलेना. त्यानंच सांगितलं, "चढ. ही चुकली तर पुढची पाऊण तासानं आहे."

तळेगाव गेलं, वडगाव गेलं. कान्ह्याला उतरले तर बाहेर आबा मोटारसायकल घेऊन उभे. मी बोलावलं नव्हतं.

"भेटला?"

"भेटला. लग्न झालंय त्याचं."

आबांनी किक मारायला पाय उचलला आणि परत खाली ठेवला. आम्ही तिथंच, फाट्यावरच्या चिंचेखाली बसलो. मग मी त्यांना सगळं सांगितलं. सुरजचं नाव घेऊन, आडनाव घेऊन, येणारे-जाणारे ऐकत असताना.

तेव्हा एका वाक्यात झालं असतं. आता अर्धा तास लागला.