दिल्लीचा लाल शेरा

पद्मा गेल्याचं मला कनेरगाव नाक्यावर कळलं. कावीळ झाली म्हणून ती माहेरी होती. गाडी थांबली, तिचा भाऊ नरसिंग दाराशी आला आणि म्हणाला, "दाजी, उतरा." पुढं माझ्या जागी गाडीवर कोण गेलं, आठवत नाही.

याच नाक्यावर ती पहिल्यांदा माझ्या गाडीत चढली होती. चौऱ्याहत्तर साल. मी वाशिम–हिंगोली गाडीवर कंडक्टर, ती हिंगोलीच्या कॉलेजात बी.कॉम.ला. शेजारच्या जागेवर जाड पुस्तक.

"मास्तर, पुस्तकाचंबी तिकीट लागतंय का?"

"जागा अडवली तर लागंल."

तिनं ते मांडीवर घेतलं... आणि मी तिथं बसलो.

"एवढं कशाचं हाये?"

"कंपनी सेक्रेटरीचं. बी.कॉम.संगं हेबी करून राहिले, टपालानं."

"हिंगोलीत कंपनी कुठंय?"

"मी पास झाले की येईल!"

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. तिची सरावाची उत्तरं टपालानं दिल्लीच्या संस्थेत जायची, तपासून परत यायची. कोपऱ्यात लाल शाईनं इंग्रजी शेरा. तो वाचून ती गालात हसायची.

"काय लिहिलंय त्यानं?"

"उत्तर लई आवडलं म्हणून."

"नाव काय त्याचं?"

"नुसती सही हाये. काहून? जळून राहिले का?"

"मी काहून जळू?"

"तुमी माझ्या तिकिटावर कधी काई लिहिलं न्हाई..."

"भोक पाडलं की!"

ती पोट धरून हसली. मी नाही हसलो.

बी.कॉम. झालं. सेक्रेटरीची शेवटची परीक्षा राहिली. पास झाली की ती दिल्लीला जाणार, तो लाल शाईवाला तिला पाहणार, एवढंच माझ्या डोक्यात. परीक्षेचा फॉर्म हिंगोलीच्या पोस्टात टाकायला तिनं माझ्याकडं दिला. मी तो तिकिटांच्या पेटीत दहा दिवस ठेवला. शेवटची तारीख गेल्यावर टाकला.

फॉर्म उशिरा मिळाला, असं दिल्लीचं पत्र आलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"टपालात अडकलं आसंल," ती म्हणाली. "जाऊ द्या. सहा महिन्यांनी परत भरू. तुमीच न्या बरं का, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई."

सहा महिने तिला मिळाले नाहीत.

नवा फॉर्म तिनं भरून, सही करून फळीवर ठेवलाय. तो टाकायचा राहिला. आणि पहिला टपालात अडकला नव्हता, हे तिला सांगायचं राहिलं.