दाराखालचं टोक

शहाद्याच्या बाजारातून रेवाबाईनं खोबरेल तेलाची बाटली, केसांच्या पिना आणि फिटच्या गोळ्या घेतल्या आणि दिवेलागणीला ती लोणखेड्याच्या पुढे रिक्षातून उतरली. तिथून उसाच्या मळ्यांतून वाट जाते आणि शेवटी मतिमंद मुलींचं वसतिगृह लागतं. मुली म्हणायच्या इतकंच. जसोदाबाई पन्नाशीला आलेली, तरी तीही मुलगीच. रेवाबाई मूळची तळोद्याच्या वरची, डोंगरातली. इथं ती रात्रीची काळजीवाहक होती.

रात्रीची बाई म्हणजे झोपा काढणारी बाई, असं पुष्कळांना वाटतं. वाटो बापडं. कोणाला थोपटल्याशिवाय डोळा लागत नाही, कोणाला उशाशी चप्पल लागते, कोणी झोपेत रडतं, आणि हे सगळं एकाच बाईनं सांभाळायचं. त्यात दामिनीची गोष्ट वेगळी. तिला झोपेत फिट यायची, तीही आवाज न करता. म्हणून रेवाबाई तिच्या खाटेजवळ जमिनीवर पडायची आणि आपल्या पदराचं टोक तिच्या मनगटाला सैल गाठीनं बांधायची. फिट आली की पदराला हिसके बसायचे आणि रेवाबाई उठून तिला कुशीवर वळवायची. दामिनीला बोलता येत नव्हतं. झोपण्याआधी ती पदर दोनदा हलकेच ओढायची. आहेस ना? रेवाबाई एकदा ओढायची. आहे. मग दोघी झोपायच्या.

होळीच्या सुमाराला दामिनी गेली. कशी गेली ते सांगतो, आणि सांगताना माझी जीभ सुटली तर सुटू द्या.

अधीक्षक शांतीलालच्या घरी संस्थेची मोठी माणसं जेवायला यायची होती. त्याला पुरणाचे मांडे हवे होते. मांडे भाजायला कोण? रेवाबाई! बाई मुलींसाठी नेमलेली, आणि राबणार साहेबाच्या चुलीवर. "मुली झोपल्यात, काय होतंय?" असं म्हणून त्यानं स्वतः जाऊन दाराला बाहेरून कडी घातली. पंगत उशिरापर्यंत चालली. पहाटे रेवाबाईनं कडी काढली, तर दामिनी दाराशी पालथी पडलेली. मनगटाला ओढणीचं एक टोक बांधलेलं, तिनंच, दातांनी गाठ ओढून. दुसरं टोक तिनं दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवलं होतं. बाहेर ते धरायला कोणी नव्हतं.

शांतीलालनं ती ओढणी कापून चुलीत घातली. "झोपेत गेली," असं सांगून हात झटकले. स्टेशनवर सापडलेली पोर, तिच्यासाठी भांडायला कोण येणार? रेवाबाईनं भेटेल त्याला खरं ते सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. मोठ्या माणसांच्या घशात ते मांडे काही अडकले नाहीत.

तरी रेवाबाईनं नोकरी सोडली नाही, कारण नवापूरकडून नुकतीच आलेली रविना. तिलाही फिट यायची. आपण गेलो तर हिचीही दामिनी होईल, ही एकच भीती रेवाबाईला धरून होती.

तर त्या संध्याकाळी बाजार करून ती फाटकातून आत आली आणि तिला मुलींच्या दारावर नवं कुलूप दिसलं. शांतीलाल किल्ली बोटावर फिरवत उभा होता.

"साहेब, हे काय?"

"आजपासून रात्री कुलूप लागेल. तुम्ही स्वयंपाकघरात झोपा."

"रविनाले फिट येस. मी तिन्हाजोडे झोपसू. आनि ही गोळी देनी शे तिले."

"सकाळी द्या. रोज रात्री सगळ्या उठून दाराशी जाऊन बसतात, फटीत बोटं घालतात. हे तुम्हीच त्यांच्या डोक्यात भरवलंय."

"मी काही सांगेल नही. त्या कोनले देखतस, ते त्यासले इचारा."

शांतीलालचा आवाज चढला की त्याची कचेरीतली मराठी गळून पडायची. "तुले नोकरी करनी शे का नही?" एवढं बोलून त्यानं किल्ली खिशात टाकली आणि अंगणापलीकडच्या आपल्या घरात निघून गेला. बायको लेकीकडे कळसाडीला गेलेली, त्यामुळे घरात तो एकटाच होता.

चोर तर चोर, वर शिरजोर! रेवाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोळी मुठीत तशीच राहिली. ती स्वयंपाकघरात गेली नाही, दाराला पाठ लावून पायरीवर बसली.

लाईट गेली. शेतातली मोटर बंद पडली आणि उसाची सळसळ तेवढी उरली. मग तीही थांबली. आतून नेहमीची कुरकुर नाही, खोकला नाही. रेवाबाईनं हाक मारली. "रविना... ओ रविना..." मग तिनं पदराचं टोक दाराखालून आत सरकवलं. "धर व माय. मी आठेच शे, दारना बाहेर."

मग जळक्या कापडाचा वास आला आणि पदर हळूहळू आत सरकू लागला. कोणीतरी टोक धरलं होतं. रेवाबाईला बरं वाटलं. रविना जागी आहे तर.

पदर हलकेच ओढला गेला. एकदा... आणि पुन्हा एकदा.

ही खूण रविनाला ठाऊक नव्हती. कोणालाच नव्हती. तिचा हात मात्र आपसूक पदरावर गेला आणि तिनं एकदा ओढलं. आहे.

त्याबरोबर पदराला हिसके बसू लागले. जोरजोरात, न थांबता. हे हिसके तिचं अंग ओळखत होतं. फिट! ती उठायला गेली, तर पदर सुटेना. तिनं दाराला तोंड लावलं आणि पुटपुटली, "सोड बाई... मी कुलूप तोडस... सोड मन्ही माय..."

पदर सुटला. रेवाबाईनं स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि सगळा राग त्या कुलपावर काढला. कोयंडा उखडला. आत सगळ्या मुली आपापल्या खाटेवर उठून बसल्या होत्या आणि दाराकडे बघत होत्या. रविना पार दुसऱ्या टोकाच्या खाटेवर, तोंड उशीत रुतलेलं, अंग ताठ. रेवाबाईनं तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. बऱ्याच वेळानं ती शांत झाली आणि श्वास नीट चालू लागला. मग रेवाबाईनं आपल्या पदराकडे पाहिलं. टोकाला गाठ होती, मनगट जाईल एवढी सैल, आणि तिच्यावर दातांच्या खुणा होत्या.

एवढा धडाका होऊनही शांतीलाल आला नव्हता.

उजाडताना त्याच्या घरातून आरडाओरडा सुरू झाला. रेवाबाई अंगणात आली. त्याच्या दाराला बाहेरून कडी होती. तिनं घातली नव्हती; रात्रभर रविनाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. शांतीलाल बाजूच्या खिडकीचे गज धरून उभा होता, दोन्ही हातांनी.

"रेवाबाई! कडी कोनी लावी? उघड ना व!"

तिची नजर त्याच्या दाराखाली गेली. फटीतून ओढणीचं एक टोक बाहेर आलं होतं, कडेनं जळलेलं.

"साहेब, घरमा आखो कोन शे?"

"कोनीच नही! मी एकलाच शे!"

टोक आतून हलकेच ओढलं गेलं. दोनदा. शांतीलालनं मान वळवून आत पाहिलं आणि तो गजांना चिकटला. "रेवाबाई... उघड..."

रेवाबाई वाकली. तिनं कडीला हात लावला नाही. ते टोक बोटांत धरलं, एकदा ओढलं आणि मुलींचा चहा ठेवायला निघून गेली.