दोघांनी एकदम दाबायचं बटण

"घर एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या टोकाला! पाच वर्षांचं पोर रोज एवढा वेळ बसमध्ये बसणार का हो?"

हे वाक्य ती मदत केंद्राच्या खिडकीत तोंड घालून बोलणारच होती. सकाळपासून रांगेत उभं राहून तिने ते मनातल्या मनात चांगलं घोटून ठेवलं होतं. पण तिने तोंड उघडायच्या आतच ते शेजारच्या खिडकीतून ऐकू आलं. शब्दाला शब्द तोच, फक्त आवाज पुरुषाचा.

तिने मान वळवली. आधी दिसले ते दात. यात तिचा दोष नव्हता. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, आणि माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे दात बघायची तिला खोडच लागली होती. वरच्या पटाशीच्या दोन दातांपैकी एक दुसऱ्यावर किंचित चढून बसला होता. असा दात तिने साच्यात बघितला असता तर सरळ केला असता. इथे मात्र तो तसाच राहावा असं तिला उगाचच वाटलं... मग तिने डोळ्यांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"माझं वाक्य बोललात तुम्ही."

"मग तुम्ही दुसरं बोला. याचा काही उपयोग होत नाहीये."

खरंच होत नव्हता. शहरातल्या सगळ्या खाजगी शाळांनी यंदा एकत्र येऊन प्रवेशाचं एकच पोर्टल काढलं होतं. 'घरबसल्या अर्ज करा' असं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि ते वाचून निम्मं शहर घर सोडून या केंद्रात रांगा लावून उभं होतं. काचेपलीकडच्या बाई शांतपणे सांगत होत्या, "मॅडम, फॉर्म भरताना तुमचा फोन जिथे होता, ते लोकेशन सिस्टीमने घर म्हणून धरलंय. खाली बारीक अक्षरात सूचना होती."

तिने फॉर्म भरला होता लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात कोणाच्या तरी आजोबांची कवळी धरून. लॅब होती पुलाजवळ. त्यामुळे तिच्या भाचीला, चिऊला, पुलाजवळची शाळा लागली होती. घर मात्र बागेजवळ. चिऊचे बाबा जहाजावर, आई म्हणजे तिची ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी पाय जमिनीवर टेकवायचा नाही असं बजावलेलं. सगळी मदार मावशीवर होती, आणि मावशीने असा घोळ घालून ठेवला होता. पाच वर्षांच्या पोरीला पुलापर्यंत रोज नेणार कोण, आणणार कोण? नाही जमलं तर वर्ष फुकट जाणार होतं. या विचाराने तिची झोप उडाली होती.

बाहेरच्या बाकावर ती डोकं धरून बसली, तर तो कागदी कपातला चहा घेऊन शेजारी येऊन टेकला. दोन कप होते.

"साखर जास्त आहे. रागावर बरी असते," तो म्हणाला. "मला पुतण्यासाठी हवीये पुलाजवळची शाळा. ढब्बू म्हणतो आम्ही त्याला. दादा-वहिनी दोघंही हॉस्पिटलात ड्युटीवर असतात, म्हणून फॉर्म काकाच्या गळ्यात. आणि काकाने तो भरला कामावर, गच्चीत बसून. लागली बागेजवळची."

"बागेजवळ कुठल्या गच्चीत?"

"बागेसमोरची पिवळी इमारत. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर तिथेच होतो."

चहा तिच्या घशातच अडकला. "म्हणजे ते तुम्ही! मी चौथ्या मजल्यावर राहते तिथे. आठवडाभर जिने चढून पाय तुटले माझे. तुम्हाला इतक्या शिव्या घातल्यात मी—"

"तरीच!" तो गंभीरपणे म्हणाला. "आठवडाभर उचकी थांबत नव्हती."

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली. आणि हसता हसताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा. बागेजवळच्या शाळेत वेटिंगवर आमची चिऊ पहिली आहे."

त्याने खिशातून फोन काढला. बोटं ग्रीसने काळवंडलेली होती. पडदा उघडायला त्याला तीनदा घासावं लागलं. मग तो तिच्याकडे वळला. "पुलाजवळच्या शाळेत वेटिंगवर पहिला कोण असेल सांगा बघू?"

योगायोगाला लाजलज्जा नसते ती अशी. पण पोर्टलला अदलाबदल ठाऊक नव्हती. त्याला एकच ठाऊक होतं: 'जागा सोडा' असं लिहिलेलं एक लाल बटण. हातातली जागा शुक्रवारी पाचच्या आत जो सोडेल, त्याचाच वेटिंगसाठी विचार होणार, आणि सहा वाजता शेवटची यादी लागणार. दोघांनी सोडली तर दोन्ही पोरं आपापल्या घराजवळ. एकानेच सोडली तर त्याच्या हातात भोपळा, आणि दुसऱ्याची जागा शाबूत.

"म्हणजे आपल्याला एकमेकांवर विश्वास ठेवावा लागणार," ती म्हणाली.

"पूर्ण अनोळखी माणसावर," तो म्हणाला.

"पूर्ण कसे? तुम्हाला शिव्या घातल्यात मी. ओळखच झाली की ती."

ठरलं असं की शुक्रवारी चार वाजता केंद्रासमोरच्या कॉफीच्या दुकानात भेटायचं, फोन समोरासमोर ठेवायचे आणि दोघांनी एकदम बटण दाबायचं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी खरं तर एक फोन पुरला असता. पण मंगळवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"एक शंका होती. एक-दोन-तीन म्हणायचं, तर तीनवर दाबायचं की तीननंतर?"

"तीनवर."

"आणि तीन म्हणणार कोण?"

"तुम्ही म्हणा."

"नको, तुम्हीच म्हणा. तुमचा आवाज... म्हणजे, स्पष्ट आहे."

ती फोनशी एकटीच हसली, आणि मग लॅबमधली मैत्रीण बघतेय म्हटल्यावर घाईने मेणाचा साचा उचलून त्यात काहीतरी बघू लागली. बुधवारी तिने फोन केला, नेटवर्क असलेलं दुकान तेच ना, हे विचारायला. ते विचारून झाल्यावर लिफ्ट मधेच अडकली तर आतल्या माणसाने काय करावं, हा विषय निघाला.

"काही नाही करायचं. शांत उभं राहायचं. वर कोणीतरी काम करत असतं, एवढा भरवसा ठेवायचा."

"आणि भीती वाटली तर?"

"तर बोलत राहायचं. मी वरून बोलत असतो ना लोकांशी. काय वाट्टेल ते. एका आजींना मी वरून अख्खी सुपाची कृती विचारली होती."

"मग केलंत सूप?"

"केलं. वाईट झालं. आजी अडकलेल्या होत्या, मीठ सांगायचं विसरल्या."

गुरुवारी दोघांनीही फोन केला नाही. दोघांनाही दिवसभर करमलं नाही. तिने एका कवळीचा दात उलटा बसवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार उजाडला तोच पावसाचा. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेने पाणी वाहू लागलं. ती चारच्या आधीच कॉफीच्या दुकानात येऊन खिडकीजवळ बसली. निळा कुडता तिने मुद्दाम घातला नव्हता. तो आपोआपच हातात आला होता, असं तिने आरशाला सांगितलं होतं. काचेवरून थेंब ओघळत होते. दार उघडलं की ती मान वर करायची, आणि कोणीतरी दुसरंच छत्री झटकत आत यायचं.

चार वाजले. साडेचार झाले. त्याचा फोन लावला तर बाई सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

मग मनात नको ते आलं. आपण जागा सोडावी आणि त्याने फोन बंद करून मजेत बसावं? पण नुसतं बसून त्याला काय मिळणार? बागेजवळची शाळा तर त्यालाही नको होती. का आता हवी झाली? कदाचित वहिनी म्हणाली असेल, आहे तेच धरा, उगाच जुगार नको. वहिनीच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं... आणि त्याने जर आधीच सोडली असेल तर? तर आपण इथे बसून ढब्बूचं वर्ष बुडवतोय.

चिऊ काही तिची नव्हती. तिने ताईला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

"माणूस आला नाही, फोन लागत नाही," ताई म्हणाली, "आणि तरी तुला दाबावंसं वाटतंय?"

"हो."

"तुला त्याची खात्री आहे?"

"आहे."

"कशावरून गं? चार दिवसांची ओळख!"

सांगण्यासारखं खूप होतं आणि पुरावा म्हणावा असं काहीच नव्हतं. काळी बोटं, जास्त साखरेचा चहा, आजींचं सूप. "ताई, तो... तो फसवणारा नाही. मला आवडतो तो," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून तिचे कान तापले.

ताई म्हणाली, "चिऊ तुझी पण आहे. दाब. आणि संध्याकाळी मला सांग, दिसतो कसा."

पडद्यावर चौकट आली: 'तुम्हाला खात्री आहे का? ही कृती मागे घेता येणार नाही.' बाजूला एकटीच कॉफी थंड होत होती. तिने हळूच एक, दोन, तीन म्हटलं आणि बटण दाबलं.

पाच वाजून गेले. सव्वापाच झाले. आता करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. ती कपाची कड नखाने सोलत बसली.

साडेपाचनंतर दार धाडकन उघडलं. तो होता. नखशिखांत भिजलेला, कपाळावर ग्रीसचा पट्टा, श्वास लागलेला. सगळं दुकान त्याच्याकडे बघायला लागलं. तो सरळ तिच्या टेबलाशी आला.

"लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं. आत दोघं अडकलेले. खाली नेटवर्क नाही. वर आलो तर पाच होऊन गेलेले, फोन भिजून बंद... पळत आलो. ऐका, तुम्ही दाबलं नसेल तर ठीक आहे. खरंच ठीक आहे."

"मी दाबलं," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मी सकाळीच दाबलं."

"काय?"

"सकाळी पाऊस बघितला ना. म्हटलं, आज खड्डे भरणार, आपल्याला बोलावणं येणार. वेळेवर पोचलो नाही तर तुमची चिऊ लटकायला नको."

"मग सांगायचं नाही मला? इथे जीव टांगणीला लागला होता माझा!"

"सांगितलं असतं तर तुम्हाला भिडेखातर दाबावं लागलं असतं." तो खुर्चीच्या टोकावर टेकला. "तुम्हाला नाही म्हणायची मोकळीक हवी होती. पोर ताईंची आहे."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर ढब्बू वर्षभर घरी, आणि वहिनीने मला घराबाहेर काढलं असतं. तिला विचारूनच दाबलं म्हणा. ती म्हणाली, चार दिवस जेवताना तुझ्या तोंडी दुसरा विषय नाही, तर दाब बाबा एकदाचं आणि जेवू दे आम्हाला."

तिने खाली बघितलं. हसू लपवायला कप मोठा नव्हता.

सहा वाजले. पोर्टलवर अख्खं शहर तुटून पडलं असणार, कारण पडद्यावर गोल चक्र नुसतं फिरत राहिलं. दोघांची डोकी एका फोनवर वाकली. त्याच्या केसांतून पाण्याचा थेंब तिच्या मनगटावर पडला. तिने तो पुसला नाही. चक्र थांबलं. यादी उघडली. बागेजवळची शाळा... चिऊ. मग पुलाजवळची शाळा... ढब्बू.

"झालं!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या टेबलावरचे आजोबा दचकले. तिने लगेच बघितलं, वरची कवळी सैल होती त्यांची. तो खळखळून हसत होता, चढलेला दात उघडा टाकून.

मग हसू ओसरलं आणि दोघंही जरा अवघडले. काचेबाहेर पाऊस मंदावला होता.

"म्हणजे काम झालं," तो म्हणाला. "आता तुम्हाला फोन करायला काही... कारण उरलं नाही."

"तू आला नाहीस तेव्हा ताईने विचारलं, कशावरून एवढी खात्री," ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं, ते तिलाही कळलं नाही. "माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. मग खरं तेच सांगितलं. तू मला आवडतोस म्हणून."

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तासन्‌तास बोलणाऱ्या त्या माणसाला एक शब्द सापडेना. त्याने टेबलावर हात पुढे केला, मग तो किती काळा आहे ते बघून मागे घ्यायला लागला. तिने तो पुसायला कागदी रुमाल उचलला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताई होती.

"चिऊचं झालं का गं?"

"झालं, ताई. बागेजवळचीच."

"सुटलो बाई! आणि तुझं काय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो अजून शब्द शोधत होता, पण डोळ्यांनी सांगून मोकळा झाला होता.

"माझंही झालं," ती म्हणाली, फोन ठेवला, त्याच्यासाठी उचललेला कागदी रुमाल बाजूला सारला आणि तो काळा, ओला हात तसाच धरला.