टॅमरॅक मोटेलचा सातवा नियम

बोट घेऊन मोटेलात उतरणारी माणसं खोली बघत नाहीत. गादी मऊ आहे की फळकुटासारखी, याचं त्यांना सोयरसुतक नसतं. बोटीचा ट्रेलर खिडकीतून दिसेल असा लागतो का, मोटरच्या बॅटऱ्या चार्ज करायला बाहेर पॉइंट आहे का आणि मासे कुठे साफ करायचे, एवढं कळलं की त्यांचा संसार लागला. माझ्या वडिलांचा आणखी एक प्रश्न असायचा. यातलं फुकट काय काय?

वडिलांचं नाव आयनार ट्वेट, वय एकोणऐंशी, दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा माणूस. दोन वर्षांपूर्वी बायपास झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, थंडीत तळ्यावर जायचं नाही. गेल्या ऑक्टोबरात ते माझ्यामागे लागले. "मार्लिस, एकदाच. वॉलआय मासे आता काठाजवळ येतात. एकदा जाऊन येऊ, मग बोट विकून टाक." मी तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, हट्टी पोरं पुष्कळ पाहिली, पण या पोरापुढे माझं काही चालत नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत. मी गेले ते मासे धरायला नाही. बाबांना धडधाकट परत घरी आणायचं, एवढंच माझं काम होतं.

चार तास गाडी हाकून टॅमरॅक मोटेलात पोचलो तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते आणि तळ्यावरून धुकं चढत होतं. हंगाम संपलेला, आवारात एकही ट्रेलर नाही. ऑफिसात दिवा होता. काउंटरमागे साठीची, रुंद खांद्यांची बाई उभी होती. अंगात पुरुषी कॉर्डरॉयचं जाकीट, केस नुकते धुतल्यासारखे ओले. खोलीत गाळाचा वास येत होता, पण तळ्याकाठच्या मोटेलात तो येणारच.

"ट्रेलरचे पाच डॉलर वेगळे," ती म्हणाली.

"पाच? ट्रेलर काय गादीवर झोपणार आहे?" बाबा सुरू झाले.

"बॅटऱ्यांचे तीन."

"आणि श्वास घ्यायचे?"

"ते अजून फुकट आहे," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

"बाथरूममध्ये मासा कापलात तर पन्नास दंड," ती पुढे म्हणाली. "कापायची शेड मागे आहे."

"हे त्यांना नीट सांगा," मी म्हटलं. "मागे एका ठिकाणी यांनी टबात सात मासे साफ केले होते."

"तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस गं?"

भिंतीवर नियमांची पाटी होती. छापील सहा नियम, आणि त्याखाली पेन्सिलीनं गिरवलेला सातवा. बोटीचे बूच काउंटरवर जमा करावे. सकाळी मागून न्यावे.

हे बूच म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी असलेल्या भोकाचं. आमच्याकडे कायदाच आहे, बोट रस्त्यावर असताना बूच काढून ठेवायचं, म्हणजे एका तळ्याचं पाणी आणि त्यातली घाण दुसऱ्या तळ्यात जात नाही. त्यामुळे आमच्यातला प्रत्येक जण उघड्या भोकाची बोट घेऊन हिंडतो, आणि पाण्यात उतरताना ते बूच लावायला जन्मात एकदा तरी विसरतो. उन्हाळ्यात विसरलं तर लोक चार महिने चेष्टा करतात. ऑक्टोबरात तसं नाही. पाणी बोटीच्या फळ्यांखाली गुपचूप भरत राहतं, आणि मागची बाजू बसायला लागते तेव्हा काठ दिसेनासा झालेला असतो. त्या पाण्यात धट्टाकट्टा माणूससुद्धा फार टिकत नाही. बाबांचं तर नावच नको.

"बूच गहाण ठेवायचं?" बाबा म्हणाले. "बाई, पन्नास वर्षं बोट चालवतोय मी. मला बूच शिकवू नका."

"माझा नवराही हेच म्हणायचा…" ती हळूच म्हणाली.

का कोण जाणे, पण त्यावर बाबांनी वाद सोडला. खिशातून पितळी बूच काढून त्यांनी काउंटरवर आपटलं. तिनं ते उचलून खिळ्याला अडकवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. तिची बोटं लागली आणि माझा हात कोपरापर्यंत गार पडला.

"सकाळी विसराल," ती मला म्हणाली. "दोघंही विसराल. असू दे… मी आहे."

सकाळी सव्वासहाला बाबा बूट घालून तयार. मी लाइफ जॅकेट पुढे केलं, त्यांनी ते गाडीत मागे फेकलं आणि आमची जुंपली. "त्यात मी फुगलेल्या बेडकासारखा दिसतो!" "दिसा! इथे बघायला कोण बसलंय?" त्या भांडणाच्या नादात मी ऑफिसपाशी गेले. दार बंद, आत अंधार. दारातल्या फटीतून किल्ली आत टाकली आणि फणफणत परत आले. मी ऑफिसपाशी गेले होते, म्हणजे बूच मी आणलं असणार, असं बाबांना वाटलं. बूच बाबांचं, म्हणजे ते त्यांनीच पाहिलं असणार, असं मला. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

बोट उतरवायचा धक्का रस्त्यापलीकडेच होता. धुकं इतकं दाट की पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. बाबा दोर धरून कडेला उभे राहिले, त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मी आरशात बघत गाडी मागे घ्यायला लागले. ट्रेलरची चाकं पाण्याला टेकतील न टेकतील, तोच मागच्या दिव्यांच्या लाल उजेडात कोणीतरी दिसलं.

ती बाई बोटीच्या मागे कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तेच कॉर्डरॉयचं जाकीट. एक हात पुढे, पंजा उघडा, शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देणारी बाई बस थांबवायला करते तसा. मी करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं? घे की मागे!" बाबा ओरडले.

"बाबा… मागे कोणी आहे?"

"मागे तळं आहे!"

मी पुन्हा आरशात पाहिलं. ती तिथेच होती. तिनं मान हलवली, हळूहळू, नको म्हणून. त्या गारठ्यात बाबांच्या तोंडून एवढी वाफ निघत होती… तिच्या तोंडून काहीच नाही.

कशीबशी खाली उतरले. ट्रेलरच्या मागे आले तर कोणी नाही. कमरेएवढ्या पाण्यातून माणूस निघून गेला तर पाणी हलायला हवं, ते तव्यासारखं सपाट होतं. बोटीच्या बुडाशी ते भोक मात्र उघडं होतं, काळं. आणि त्याच्या बरोबर खाली, ट्रेलरच्या लोखंडी पट्टीवर आमचं पितळी बूच ठेवलेलं होतं. ओलं.

बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. "तू लावलं नव्हतंस?"

"मला वाटलं तुम्ही…"

बाबा गाडीच्या बंपरवर बसले. मी त्यांना घट्ट धरलं. धुक्यात आम्ही अर्धा मैल आत गेलो असतो, हे त्यांना कळत होतं, मलाही. थोड्या वेळानं ते उठले, टोपी काढली आणि तळ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आभारी आहे, बाई." या माणसानं कोणाचे आभार मानलेले मी उभ्या जन्मात ऐकले नव्हते. मला रडू फुटलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

सात वाजता ऑफिसचं दार उघडलं. काउंटरमागे वेंडेल नावाचा किडकिडीत माणूस कॉफी लावत होता. मोटेल त्याचं. काल तो चारलाच ऑफिस बंद करून मुलीच्या हॉकीच्या मॅचला गेला होता.

"मग किल्ली कोणी दिली तुम्हाला?" त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच खुर्चीत बसला. "जाकीट कॉर्डरॉयचं होतं?"

मी मान डोलावली. पाटीवर बोट दाखवायला वळले, तर पाटीवर सहाच नियम होते.

"व्हर्ना क्लासन," तो म्हणाला. "माझ्याआधी मोटेल तिचं आणि तिच्या नवऱ्याचं होतं. एकतीस वर्षं झाली. असाच ऑक्टोबर होता, दोघं भांडत भांडत बोट घेऊन गेले आणि बूच राहिलं. तो संध्याकाळी सापडला. ती नाहीच सापडली." त्यानं दोन कप पुढे सरकवले. "वर्षा-दोन वर्षांत एखाद्याला दिसते. ज्यांना दिसते ते घरी जातात."

"आणि ज्यांना दिसत नाही?" बाबांनी विचारलं.

"ते सांगायला परत येत नाहीत."

वेंडेल आमच्याकडून काही घ्यायला तयार नव्हता, ना खोलीचं भाडं, ना ट्रेलरचे, ना बॅटऱ्यांचे. तेव्हा बाबांनी काय करावं? पाकीट काढलं आणि दुप्पट पैसे कपाखाली ठेवले. "गादी चांगली होती," म्हणाले.

बोट आम्ही पाण्यात घातलीच नाही. तशीच कोरडी ठणठणीत घरी आणली आणि गॅरेजमध्ये लावली. त्या दिवसापासून बाबा बदलले. डॉक्टरांचं ऐकतात, शेजाऱ्यांच्या अंगणातला बर्फ स्वतःच्या पैशानं काढवून देतात, मी जेवण वाढलं की हात जोडतात. आम्हाला एक अख्खा हिवाळा जास्तीचा मिळाला आहे आणि रोज सकाळी त्यांच्या खोकल्याचा आवाज ऐकला की मी व्हर्नाबाईंचं नाव घेते.

पण एक गोष्ट मी बाबांना सांगितलेली नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले तर बोटीखाली पाणी साचलेलं. बुडाच्या भोकातून थेंब थेंब गळत होतं. ती बोट ऑगस्टपासून पाण्यात गेली नव्हती. फळ्या उचलून आत हात घातला, आत सगळं कोरडं. मी खाली बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती काठोकाठ भरली, आणि पाण्याला गाळाचा वास. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. बाहेर सगळं गोठलेलं असताना हे पाणी गोठत नाही. कोणाला विचारणार? त्या सकाळी आमच्या बोटीत जे पाणी शिरायचं होतं ते कुठेतरी शिरलंच, आणि आता ते इथून बाहेर येतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. घरामागे नेऊन ओतते, हात जोडते, परत येते.

आज सकाळी बादली रिकामी केली तर तळाशी काहीतरी खडखडलं. ऐकायचं यंत्र, कानात घालतात ते. उजव्या कानाची लाल खूण असलेलं. त्यावर बारीक नंबर कोरलेला होता. आत जाऊन बाबांच्या यंत्रांच्या कागदाशी ताडून पाहिला, अक्षरन्‌अक्षर तोच. बाबा स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत बसले होते आणि त्यांची दोन्ही यंत्रं त्यांच्या दोन्ही कानांत होती.

मी परत गॅरेजमध्ये आले आणि दार लावून घेतलं. मूठ मिटली तशी ते यंत्र बारीक शिट्टी वाजवायला लागलं. चालू यंत्र मुठीत धरलं की वाजतं तशी. म्हणजे ते… चालू होतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मूठ तोंडाजवळ नेली आणि अगदी पुटपुटले, "व्हर्नाबाई, तुमचे उपकार आहेत हो आमच्यावर."

मध्ये दोन बंद दारं होती, आत रेडिओ मोठ्यानं लागला होता. तरी स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला.

"मार्लिस… पाण्यातून काय बोलतेयस गं?"