दोराचं मागचं टोक

मोहाची फुलं गळायला लागली की प्रफुल्लचे हाल कुत्रा खात नसे. जंगलाच्या कडेला असलेल्या त्या लॉजवर पाहुणे यायचे वाघ बघायला, आणि वाघ काही कोणाच्या बापाचा नोकर नव्हे. न दिसलेल्या वाघाची भरपाई मग प्रफुल्लने करायची. पहाटे पाखरं दाखवायची, ऊन चढायच्या आत तलावावर सायकली न्यायच्या, दुपारी हौशी लोकांच्या हाती धनुष्यबाण द्यायचा आणि स्वतः लांब उभं राहायचं. उन्हं कलली की 'सायलेंट वॉक'. पाहुण्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायच्या, सगळ्यांच्या हाती एक लांब दोर द्यायचा आणि सागा-बांबूतून त्यांना मुकाट फिरवून आणायचं. डोळे मिटले की जंगल ऐकू येतं म्हणे. चांगली डोळस माणसं हौसेनं आंधळी व्हायची आणि परत आल्यावर "काय शांत वाटलं हो!" म्हणायची. प्रफुल्लला शांत वाटून कैक दिवस झाले होते.

जोडीचा मिथुन ऊर्जानगरला नोकरीला लागला आणि दोघांचं काम एकाच्या गळ्यात पडलं. त्यात घरी बायको रंजीता दिवस भरत आलेली, एकटी. घर नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, मोटारसायकलनं अर्ध्या तासाच्या वाटेवर. सुट्टीचं नाव काढलं की मॅनेजर अजय म्हणायचा, "ही बॅच जाऊ दे ना यार, मग जा." बॅच मात्र संपत नव्हत्या. प्रफुल्लला एकाच गोष्टीची धास्ती होती. तिला कळा सुटतील आणि आपण इथे कोणाच्या तरी डोळ्यांवर पट्टी बांधत असू.

दोराचं पुढचं टोक प्रफुल्लच्या हातात असे, मागचं झिंगूभाऊच्या. झिंगूभाऊ शेजारच्या जंगलगावातला म्हातारा. तो कधी बोलत नसे, पाहुण्यांना काही दाखवत नसे, नुसता टोक धरून सगळ्यांच्या मागून चालायचा. अजयच्या डोळ्यांत ते खुपायचं. "टोक धराले माणूस कायले लागते?" असं म्हणून त्या दिवशी त्यानं झिंगूभाऊला रात्रीच्या शेकोटीसाठी लाकडं आणायला धाडलं.

कुऱ्हाड खांद्याला लावून निघताना झिंगूभाऊ थांबला. "मागचं टोक लोंबत ठेवू नको बापू. गुंडाळून शेवटच्या मानसाच्या हाती देजो. आमी रानातून येतो तं शेवटची जागा खाली ठेवत नाई."

"बरं बरं, भाऊ," प्रफुल्ल म्हणाला. कालपासून गुंतलेला दोर तो सोडवत होता. म्हाताऱ्याचं बोलणं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं.

त्या दिवशीचे पाहुणे वीज केंद्रातून निवृत्त झालेली मंडळी होती. प्रफुल्लनं सगळ्यांना दोरावरच्या गाठी धरायला दिल्या, पट्ट्या बांधल्या. शेवटी उभ्या केल्या मनकर्णाबाई. अंगानं भरलेल्या, मनानं मायाळू, पण जिभेला हाड नाही. बसमधून उतरल्यापासून त्यांचं तोंड बंद नव्हतं. निदान सगळ्यांच्या मागं असल्या तर बाकीच्यांच्या कानाला आराम, एवढाच हिशेब. त्यांच्या मागं उरलेला दोर तसाच पाचोळ्यात पडलेला राहिला.

चालू लागले. सागाची वाळकी पानं पायाखाली कुरकुरत होती. मोहाचा गोड, जड वास इतका दाटला होता की डोकं जड व्हावं. ऊन तांबूस होऊन बुंध्यांवर रेललं होतं. एरवी ही वरात म्हणजे ताप. कोणी अडखळतं, कोणी पुढच्याच्या टाचेवर पाय देतं, दोर सैल पडून गुडघ्यात अडकतो. आज मात्र दोर सुरेख ताणलेला होता. मागून एकसारखं, बेताचं ओझं येत होतं. किती बरं धरतो हा म्हातारा, असं झोपाळलेल्या प्रफुल्लच्या मनात आलं. पाय आपोआप पडत होते. त्याला त्या क्षणी खरंच हायसं वाटलं.

"भाऊ..." मागून मनकर्णाबाईंचा दबका आवाज आला. "जरा हळू चला. मागच्या बाईले दम लागून राह्यला."

"हो बाई," म्हणत त्यानं पावलं आवरली. मागं वळून बघायचाही त्याला कंटाळा आला.

बांबूची बेटं दोन्ही अंगांनी जवळ आली. उजेड कमी झाला.

"भाऊ... त्या इचारून राह्यल्या, तुमचं घर कुठी हाय?"

हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतोच. घर कुठे, मुलं किती, वाघाची भीती नाही वाटत? उत्तरं प्रफुल्लच्या तोंडात तयार असत, ओवाळणीच्या ताटातल्या सुपारीसारखी. "नाला ओलांडला का टोला लागते, बाई. हातपंपाजोळचं पहिलं घर."

मागं कुजबुज झाली.

"घरी कोन राह्यते म्हनते..."

"बायको. एकटीच हाय. लेकरू व्हाचं हाय."

"अगंबाई!" मनकर्णाबाई मागं तोंड करून हळूच म्हणाल्या, "आयकलं का, पोटुशी हाय म्हनते बायको..."

आणि दोर सैल पडला.

हातातलं ओझं एकाएकी गेलं तसा प्रफुल्ल खडबडून जागा झाला. शेवटी तर मनकर्णाबाई होत्या. त्यानंच त्यांना उभं केलं होतं. आणि झिंगूभाऊ लाकडांना गेला होता.

तो वळला. पट्ट्या बांधलेली माणसं रांगेत उभी होती, कोणी मान वर करून पाखरं ऐकत होतं. मनकर्णाबाईंच्या मागं दोराचा उरलेला भाग वळणाआडच्या बांबूत शिरला होता आणि पाचोळ्यावर नुकताच पडल्यासारखा अजून हलत होता. त्यापलीकडे पानं वाजत होती. पाय ओढत कोणीतरी नाल्याच्या दिशेनं चाललं होतं. घाई नव्हती त्या चालण्यात.

"बाई... मागं कोन होतं?"

"होती ना एक. लय दमेल होती बिचारी. माझ्या खांद्यावर कपाळ टेकवूनच चालत होती." मनकर्णाबाईंनी पट्टी वर केली, मागं पाहिलं. "गेली का? बोलली बी नाई जातानी."

प्रफुल्लला तसंच घराकडे धावत सुटावंसं वाटलं. पण पाहुणे जंगलात सोडून पळता येत नाही. "पट्ट्या सोडा, लवकर चला," तो म्हणाला. वेळ झाली नाही म्हणून दोघं-तिघं कुरकुरले. त्यांना फाटकापर्यंत आणताना वाट कधी संपते असं त्याला झालं.

झिंगूभाऊ लाकडं रचत होता. प्रफुल्लच्या हातात गोळा केलेला दोर त्यानं पाहिला, मग त्याचा चेहरा.

"काई बोललं का?"

"घर इचारलं."

"सांगतलं?"

प्रफुल्लनं नाल्याच्या दिशेला पाहिलं. झिंगूभाऊनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. त्याच्याकडे न बघता म्हणाला, "फोन लाव."

रेंज फक्त पाखरं बघायच्या मनोऱ्यावर यायची. प्रफुल्ल एकेक पायरी गाळत वर चढला. घंटी खूप वेळ वाजली. आपण जन्मभर हीच ऐकत उभे राहणार, असं त्याला वाटलं. मग रंजीतानं उचलला.

"रंजी? बरी हायस ना?"

"हळू बोला ना," ती कुजबुजली. "झोपली हाय ती."

"कोन?"

"कोन म्हंजे? तुमीच पाठवली ना लॉजवरून, सोबतीले. तसंच म्हनाली. दारात येऊन बसली, दमून पार. पानी देल्लं. आता पडली हाय माझ्याजोळ."

"रंजी, आयक... आवाज करू नको. उठ. बाहीर ये, शेजारी जाय..."

"काऊन? लय चांगली हाय हो." तिच्या आवाजात कित्येक दिवसांनी सुख होतं, आणि तेच प्रफुल्लला ऐकवेना. "सकाळपासून नुसता गोंधळ घालून राह्यलं होतं लेकरू पोटात. लाता मारमारू जीव घेतला माझा. तिनं पोटावर हात ठेवला तं थांबलंच एकदम. आता हालत बी नाई."

"रंजी..."

"झोपलं म्हनते ती. उठवू नको म्हनते."